गुडघ्याची पुडी आणि किडनीवरची टोपी



सोयाबीनची सोंगणी आटोपून कापसाची वेचणी सुरू झाली, की आपल्या दुसरबीडच्या आसपास कुणाच्याही ओसरीवर बसा, बोलणं फिरून फिरून गुडघ्यांवर येतं. दिवसभर वाकून काम, डोक्यावर ओझं, आणि संध्याकाळी चुलीपुढे बसलं की उठवत नाही. मग एखादी हळूच सांगते, "अमक्या ठिकाणी पुडी मिळते. दोन दिवसांत पाय मोकळे होतात. देशी औषध आहे, अपाय काही नाही." पुढच्या बाजाराला दुसरीही पुडी आणते. आणि खरोखरच तिचे पाय दोन दिवसांत मोकळे होतात.

आज मला या पुडीबद्दल बोलायचं आहे. पण "पुडी वाईट, फेकून द्या" एवढं सांगून मी थांबणार नाही, कारण नुसतं एवढंच सांगणं धोक्याचं आहे. पुडी घेणं वाईट हे खरं. पण महिनोन् महिने घेतलेली पुडी एका दिवसात बंद करणं कधी कधी थेट जिवावर बेतू शकतं. असं का होतं, ते आज नीट समजून घेऊ.

समजा, एक काकू आहेत. वय पन्नाशीच्या पुढचं. वर्षभर त्यांची पुडी चालू आहे. चेहरा भरून गोल झाला, तेव्हा लोक म्हणाले, तब्येत सुधारली. दिवाळीला मुलगा पुण्याहून आला. तो म्हणाला, "आई, यात भेसळ असते, बंद कर." काकूंनी त्याच दिवशी पुड्या उकिरड्यावर टाकल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी अंग गळायला लागलं. जेवण जाईना, मळमळ सुरू झाली. तेवढ्यात साधा ताप आला आणि उलट्या लागल्या. उठून उभं राहिलं की घेरी. घरच्यांना वाटलं, पित्त झालं असेल. दवाखान्यात नेलं तर रक्तदाब एकदम खाली, सलाइन लावूनही वर येईना. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध चालू होतं का?" घरचे म्हणाले, "नाही, काहीच नाही."

कारण पुडीला घरात कुणी औषध समजतच नव्हतं. त्या एका "नाही"मुळे काकूंचा जीव धोक्यात आला. मुलाचा सल्ला तर चांगलाच होता. मग चुकलं कुठे? त्यासाठी आधी शरीरातली एक लहानशी ग्रंथी ओळखून घ्यावी लागेल.

किडनीवरची टोपी

आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी एकेक ग्रंथी असते. वजन फक्त चार-पाच ग्रॅम. शाळेच्या पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, डॉक्टर ॲड्रिनल म्हणतात. लिंबाला जशी साल आणि आत गर, तसे तिचेही दोन भाग. आतल्या गरातून ॲड्रिनलिन निघतं. साप दिसला की छातीत धडधडतं, हातपाय थरथरतात, ते त्याच्यामुळे. आजचा आपला विषय मात्र बाहेरच्या सालीचा आहे.

या सालीत तीन प्रकारची संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स तयार होतात. पहिलं कॉर्टिसॉल. रक्तातली साखर, रक्तदाब, आजारपणाशी झुंजायची ताकद, अंगावरची सूज आवरणं, ही त्याची कामं. दुसरं अल्डोस्टेरॉन. ते अंगातलं मीठ आणि पाणी राखतं. तिसऱ्या प्रकारात पुरुषी गुणांची संप्रेरकं येतात, ती बायकांच्या अंगातही थोडी असतात. ही तिन्ही ज्या रासायनिक घराण्यातली आहेत, त्या घराण्याचं नाव आहे स्टेरॉइड.

म्हणजे स्टेरॉइड हे काही बाहेरून आलेलं विष नाही. ते आपल्या अंगात रोज तयार होतं. पहाटे जास्त, मध्यरात्री सगळ्यांत कमी, असा त्याचा रोजचा नेम असतो. ताप आला, अपघात झाला, ऑपरेशन झालं, बाळंतपण आलं, की ग्रंथी आपणहून जास्त कॉर्टिसॉल सोडते आणि आपण त्या संकटातून निभावतो.

किती सोडायचं, हे ग्रंथीला कोण सांगतं? मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, ती सांगते. आपल्या छतावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, तसंच हे आहे. पाणी कमी झालं की बॉल खाली जातो, नळ सुरू होतो. टाकी भरली की बॉल वर येतो, नळ बंद. रक्तात कॉर्टिसॉल कमी झालं की पीयूषिका हुकूम सोडते, पुरेसं झालं की गप्प बसते.

आता समजा, कुणी रोज बाहेरून टँकर आणून टाकी काठोकाठ भरतंय. बॉल कायम वर. नळ कायम बंद. असं वर्षभर चाललं तर नळ गंजून बसतो. मग एक दिवस टँकर अचानक बंद केला तर? टाकी रिकामी होते, बॉल खाली जातो, पण गंजलेला नळ उघडत नाही. घरात थेंबभर पाणी नाही. काकूंचं नेमकं हेच झालं. पुडीतलं स्टेरॉइड म्हणजे टँकर. वर्षभरात त्यांची स्वतःची ग्रंथी झोपी गेली, आक्रसली. पुडी बंद झाली तेव्हा ती लगेच उठू शकली नाही. त्यात ताप आला, म्हणजे कॉर्टिसॉलची गरज वाढली, आणि अंगात ते जवळजवळ नव्हतंच.

जादूची गोळी कुठून आली?

स्टेरॉइडची गोष्टही एका बाईच्या सांध्यांपासूनच सुरू होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. त्यांनी पाहिलं होतं, की आमवात असलेल्या बायकांना गरोदरपणात बरं वाटतं. कावीळ झालेल्या रुग्णांचेही सांधे काही दिवस मोकळे होतात. म्हणजे अंगातच काहीतरी असलं पाहिजे. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी आमवातानं जखडलेल्या २९ वर्षांच्या एका रुग्ण बाईला अधिवृक्क ग्रंथीतलं एक द्रव्य टोचलं, पुढे त्याला कॉर्टिसोन नाव मिळालं. काही दिवसांतच ती बाई चालत बाजारात गेली. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण जगाचा आनंद फार दिवस टिकला नाही. औषध चालू ठेवलेल्या रुग्णांचे चेहरे सुजले, साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली, काहींची मनं बिघडली. आणि औषध थांबवलं की दुखणं पुन्हा उसळून यायचं. तेव्हाच डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हे औषध आजाराची आग दाबतं, आजार मुळातून काढत नाही.

आपल्या गुडघ्यांचं तर त्याहून वेगळं आहे. उतारवयातली गुडघेदुखी बहुधा सांध्यातली गादी झिजल्यामुळे असते. स्टेरॉइडच्या गोळीनं ती गादी भरून येत नाही. सूज आणि ठणक तेवढी दबते.

पुडीत स्टेरॉइड आहे, हे कसं ओळखावं?

वेळोवेळी झालेल्या तपासण्यांमध्ये "देशी" म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या आणि दम्याच्या पुड्यांत डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं मिसळलेली सापडली आहेत. प्रत्येक पुडीत ती असतातच असं नाही. आणि नुसतं पाहून किंवा चाखून ओळखायचा घरगुती उपायही नाही. या औषधांना मात्रा फार थोडी लागते. अंगाला दिवसभरात जेवढं कॉर्टिसॉल लागतं, तेवढं काम डेक्सामेथासोन जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅममध्ये करतं. चिमूटभर भुकटीत ते सहज लपतं.

पण आपलं शरीर खुणा देतं. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो आणि भूक एकदम वाढते. पुडी चुकली, की दुखणं दुपटीनं येतं. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो, पोट वाढतं, हातपाय मात्र बारीक होतात. पोटावर जांभळे पट्टे दिसतात. जरा लागलं तरी काळंनिळं पडतं. साखर किंवा रक्तदाब नव्यानं निघतो. मांड्यांचे स्नायू सुकतात, त्यामुळे बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. मग बाईला वाटतं, गुडघे जास्तच बिघडले, आणि ती पुडी वाढवते.

या लक्षणांच्या जुडीला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. हार्वे कुशिंग या अमेरिकी शल्यचिकित्सकानं १९३२ मध्ये त्याचं वर्णन केलं. काही जणांना तो पीयूषिकेतल्या किंवा अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीमुळे होतो. पण आज त्याचं सगळ्यांत मोठं कारण आहे बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड. म्हणून "तब्येत सुधारली" असं कुणाला म्हणण्याआधी जरा थांबा. वजन वाढलं आहे की फक्त चेहरा आणि पोट वाढलं आहे, तेवढं बघा.

मुलींच्या चेहऱ्यावरचं मलम

पुडी सासूची असेल तर मलम सुनेचं आणि लेकीचं. लग्न ठरलं, की चेहरा उजळायला दुकानातून एखादी ट्यूब येते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, मुरूम दबतात. मग कातडी पातळ होते, लाल होते, उन्हात आग होते, ओठांवर आणि हनुवटीवर लव येते. ट्यूब थांबवली की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब.

देशातल्या १२ केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी यावर एक अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण त्यांनी तपासले. त्यातले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडचं मलम लावत होते, म्हणजे दर सातांत एक. आणि त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना ते मलम डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं. शेजारीण, पार्लर, दुकानदार अशा कुणाच्या तरी सांगण्यावरून ते आणलेलं होतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातलं. तेव्हा ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं नाव दिसलं, तर ती क्रीम नाही, औषध आहे असं समजा. गजकर्णावर तर असं मिश्र मलम कधीच लावू नका. खाज थांबते, पण गजकर्ण आतून पसरतं आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही.

ग्रंथीच बिघडली तर?

आतापर्यंत बाहेरच्या स्टेरॉइडनं झोपवलेल्या ग्रंथीबद्दल बोललो. काही जणांची ग्रंथी मुळातच बिघडते. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस ॲडिसन या डॉक्टरांनी ११ रुग्णांची हकिकत लिहिली. अशक्तपणा, उलट्या, वजन उतरणं आणि कातडी काळवंडणं. त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी रोगानं खाल्लेल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना क्षयरोग होता. या आजाराला आजही ॲडिसनचा आजार म्हणतात. आपल्या देशात टीबी हे अजूनही त्याचं एक महत्त्वाचं कारण आहे.

आपल्याकडे हा आजार लवकर ओळखू येत नाही, त्याचं एक कारण आपला रंग आणि आपली शेती. बाई काळवंडली, तर "उन्हानं काळी पडली" असं म्हणून विषय संपतो. पण उन्हानं हिरड्या काळ्या होत नाहीत. तळहाताच्या रेषा, बोटांची पेरं, जुन्या जखमेचे वण, जिथे ऊन लागत नाही तिथेही काळपटपणा येत असेल, वजन उतरत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल आणि नुसतं मीठ खावंसं वाटत असेल, तर डॉक्टरांना ॲडिसनबद्दल विचारा. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल मोजून तपासाची सुरुवात होते. टीबी झालेला असेल तर तेही सांगा, कारण टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध अंगातलं स्टेरॉइड लवकर संपवतं, त्यामुळे स्टेरॉइडची मात्रा वाढवावी लागते.

या आजारात हायड्रोकॉर्टिसोनची गोळी रोज घ्यावी लागते, बहुधा जन्मभर. पण गोळी घेणारी बाई शेत, संसार, बाळंतपण सगळं करू शकते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच आजार होता. याच गोळ्यांच्या आधारावर त्यांनी देश चालवला. म्हणजे स्टेरॉइड इथे अन्नासारखं आहे. जे अंगात बनत नाही, ते बाहेरून तेवढंच द्यायचं.

काही बाळांना हा दोष जन्मतःच असतो. ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवता येत नाही, आणि ती सारा कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळवते. अशी मुलगी जन्मली तर तिचं बाह्य अंग मुलासारखं दिसू शकतं, आणि घरच्यांना मुलगा की मुलगी हेच कळत नाही. मुलग्यात तर बाहेरून काहीच दिसत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओकतं, सुकत जातं, आणि मीठ कमी पडून दगावू शकतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली. त्यात सरासरी ५,७६२ बाळांमागे एकात हा दोष आढळला. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर तो कळतो.

मैत्रिणींनो, हा दोष आईच्या ग्रहणामुळे येत नाही, तिच्या खाण्यामुळे येत नाही. आई आणि वडील दोघांकडून एकेक दोषी जनुक आलं तरच तो येतो. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल, तर ही शक्यता वाढते. म्हणून अशा बाळाच्या आईला दोष देऊ नका. बाळ लपवू नका, घाईनं नावही ठेवू नका. आधी मोठ्या दवाखान्यात दाखवा. औषध वेळेवर सुरू झालं तर ही मुलगी शाळेत जाते, मोठी होते, आईसुद्धा होऊ शकते. यावर नवं संशोधनही झालं आहे. आतापर्यंत पुरुषी संप्रेरक दाबण्यासाठी या मुलांना गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड द्यावं लागायचं, त्यानं उंची खुंटायची. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत क्रिनेसरफॉन्ट या नव्या औषधाला मान्यता मिळाली. ते मेंदूकडून ग्रंथीला जाणारा जादा हुकूम कमी करतं, त्यामुळे स्टेरॉइडची मात्रा उतरवता येते. स्टेरॉइड बंद मात्र होत नाही.

भीतीही नको

हे सगळं ऐकून कुणी दम्याचा पंप फेकून देईल, अशी मला धास्ती वाटते. तसं करू नका. पंपातलं स्टेरॉइड थेट फुप्फुसात जातं, मात्रा थोडी असते, आणि त्यानं जीव वाचतो. पंप ओढल्यावर चूळ भरा, एवढंच. आमवात, किडनीचे काही आजार यांतही डॉक्टर विचार करूनच स्टेरॉइड देतात.

कोरोनात तर आपण दोन्ही बाजू पाहिल्या. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं, की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोननं कमी होतात, व्हेंटिलेटरवरच्यांचे तर एक तृतीयांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. तरी दुसऱ्या लाटेत पुष्कळांना ते गरज नसताना, जास्त मात्रेत, जास्त दिवस दिलं गेलं. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, त्यामागे वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा असा वापर ही मोठी कारणं होती.

दुसरं उदाहरण आपल्या बायकांचं, आणि आपल्याच विदर्भातलं. दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्यानं पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. हे इंजेक्शन गावोगावी दिलं तर काय होईल, हे पाहायला सहा देशांत एक अभ्यास झाला. आपल्या देशातून त्यात नागपूर आणि बेळगाव होते. २०१५ मध्ये निकाल आला, आणि सगळे चक्रावले. अगदी लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट सगळी बाळं मिळून पाहिली तर हजारी तीन-चार मृत्यू जास्तच झाले. मग जागतिक आरोग्य संघटनेनं पुन्हा अभ्यास केला, त्यातही बेळगाव होतं. या वेळी सोनोग्राफीनं दिवस नीट मोजले, आणि चांगली सोय असलेल्या दवाखान्यांतच इंजेक्शन दिलं. २०२० मध्ये निकाल आला. इंजेक्शन न मिळालेल्या गटात शंभरातली साधारण २३ ते २४ बाळं दगावली होती, इंजेक्शन मिळालेल्या गटात २० च्या आत.

औषध तेच. पण कुणाला, किती दिवस भरलेले असताना आणि कुठे दिलं, यावर निकाल उलटा झाला. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नका. अवेळी कळा आल्या आणि दवाखान्यात हे इंजेक्शन दिलं, तर "स्टेरॉइड नको" म्हणून हट्टही धरू नका. असं एक-दोन दिवसांचं इंजेक्शन म्हणजे वर्षभराची पुडी नव्हे.

मग करायचं काय?

मे २०२४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या संप्रेरकतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मिळून झोपलेल्या ग्रंथीबद्दल सूचना काढल्या. त्यांच्या मते जगातले शंभरातले किमान एक जण दीर्घकाळ स्टेरॉइड घेतात. त्या सूचनांचं सार आपल्या भाषेत असं.

स्टेरॉइड तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी घेतलं असेल, तर ग्रंथी झोपण्याची भीती फार नसते. त्याहून जास्त दिवस घेतलं असेल, तर ते पायरी पायरीनं उतरवायचं. आधी अंगाच्या रोजच्या गरजेएवढं आणायचं, मग ग्रंथी जागी होईल तसं सावकाश कमी करायचं. कुणाची ग्रंथी काही आठवड्यांत उठते, कुणाला वर्षही लागतं. म्हणून पुडी चालू असेल तर आज रात्री उकिरड्यावर टाकू नका. ती पुडी हातात घ्या आणि सरळ दवाखान्यात जा. डॉक्टर त्याऐवजी मोजलेली गोळी देतील आणि हळूहळू उतरवतील. "डॉक्टर रागावतील" म्हणून लपवू नका. डॉक्टरांना न सांगितलेली पुडीच सगळ्यांत घातक असते.

दुसरं, आजारपणातला नियम. ज्यांना दीर्घकाळ स्टेरॉइड चालू आहे, किंवा नुकतंच थांबवलं आहे, त्यांना ताप, अपघात, दात काढणं, ऑपरेशन अशा वेळी जास्त मात्रा लागते. तापात बहुधा दोन-तीन दिवस दुप्पट किंवा तिप्पट करतात. आपल्यासाठी नेमकी किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं, आणि वेळेवर मिळालं तर बाई काही तासांत उठून बसते. आपल्या काकूंनाही तेच लागलं असतं, कुणी तेवढं एक वाक्य सांगितलं असतं तर.

तिसरं, एक चिठ्ठी. वहीचं पान घ्या आणि लिहा: "मी स्टेरॉइड घेते. ते अचानक बंद करू नये. उलट्या, बेशुद्धी किंवा रक्तदाब कमी असल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन द्यावे." खाली औषधाचं नाव, मात्रा आणि घरच्यांचा फोन नंबर. पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवून त्यावर सही घ्या आणि बटव्यात ठेवा. घरात एकाला तरी ही चिठ्ठी कुठे आहे ते माहीत असू द्या.

चौथं, गुडघ्यांसाठी खरा उपाय. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, दहा अंक मोजेपर्यंत धरा, मग खाली. असं प्रत्येक पायानं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार उतरतो. वजन थोडं उतरलं तरी फरक पडतो. निवडणं, भाजी चिरणं पाटावर न बसता ओट्यापाशी किंवा खुर्चीवर करा. गोळी लागलीच तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या. आराम दोन दिवसांत येणार नाही, दोन-तीन महिने लागतील, पण तो उसना नसेल.

तपासण्यांसाठी सुरुवात गावाजवळच्या आरोग्य केंद्रातूनच करा. तिथून गरज पडली तर बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संभाजीनगरला घाटीत पाठवतील. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, ट्यूब एका पिशवीत घालून न्या. काय महत्त्वाचं आणि काय नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आणि आज संध्याकाळी ओसरीवर कुणी पुडीची गोष्ट काढली, तर तिला एवढंच सांगा: "नवी आणू नको, आणि जुनी एकदम सोडू नको. उद्या आपण दोघी मिळून दवाखान्यात जाऊ." एकटीला जायला भीती वाटते. दोघी असल्या की वाट सोपी होते.